जुन्या व्हीएचएस कॅसेट संगणकावर कशा घ्यायच्या?

लग्न, बारसं, मुंज, गावचा गणपती. १९८० आणि ९० च्या दशकांतले असे कितीतरी प्रसंग अनेक घरांत व्हीएचएस कॅसेटमध्ये पडून आहेत. काही माणसांचा आवाज तर फक्त तिथेच उरला आहे. पण कॅसेटमधली चुंबकीय फीत कालांतराने खराब होते आणि ती वाजवणारी यंत्रंही दुर्मीळ होत चालली आहेत. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपन्यांपैकी एक असलेल्या जपानच्या फुनाईने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. त्यामुळे हे काम लांबणीवर टाकण्यासारखं नाही.

आधी कॅसेट तपासा

खिडकीतून फितीचं रीळ पाहा. कडेला पांढरी भुकटी किंवा जाळीसारखे डाग दिसले तर ती बुरशी समजा. कोकण, मुंबई, गोवा अशा दमट हवेत हे बरेचदा आढळतं. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. फीत फाटू शकते, शिवाय यंत्राला चिकटलेली बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. ती जाणकाराकडून साफ करून घ्या.

कॅसेट चांगली असेल तर मागच्या कडेचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी जुनं चित्रण पुसलं जात नाही. त्यानंतर फीत एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळा, म्हणजे तिचा ताण सारखा होतो.

काय काय लागेल?

चालू स्थितीतला व्हीसीआर, यूएसबी कॅप्चर कार्ड, तीन रंगांची केबल आणि संगणक. केबलची पिवळी पिन चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. व्हीसीआर मोनो असेल तर आवाजाची एकच पिन जोडावी लागते. ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर रेकॉर्डिंगसाठी पुरेसं आहे.

सेटिंग

भारतातल्या कॅसेट पाल पद्धतीच्या असतात: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी तिकडे चित्रित करून पाठवलेली कॅसेट मात्र बहुधा एनटीएससी असते. तिच्यासाठी ती पद्धत चालवणारा व्हीसीआर हवा आणि कॅप्चरचं सेटिंगही बदलावं लागतं.

पाल कॅसेटसाठी चित्राचा आकार ७६८ × ५७६ ठेवा. हे प्रमाण ४:३ आहे. ते ताणून रुंद पडद्याएवढं केलं तर माणसं जाड दिसतात.

व्हीएचएसमधलं प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत नोंदलेलं असतं. एका भागात विषम रेषा, दुसऱ्यात सम. म्हणूनच संगणकावर हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. ओबीएसमध्ये डीइंटरलेसिंगचा ‘यादिफ २एक्स’ पर्याय निवडून वेग सेकंदाला ५० चित्रं ठेवला की दाते जातात आणि हालचालही सहज दिसते.

रेकॉर्डिंग

तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, इथे घाई चालत नाही. आधी पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग करून चित्र आणि आवाज तपासा. संगणक मध्येच झोपी जाणार नाही असं सेटिंग करा. चित्रात आडवे पट्टे आले तर व्हीसीआरचं ट्रॅकिंग फिरवून पाहा. चित्रभर पांढरे ठिपके असतील तर बहुधा हेड अस्वच्छ आहे. सेकंदाला १० मेगाबिट दराने एका तासाची फाइल साधारण ४.५ जीबी होते.

संपादन करताना

मूळ फाइलला हात लावू नका, तिच्या प्रतीवर काम करा. नको असलेला भाग कापा, प्रसंगांप्रमाणे तुकडे करा आणि फाइलच्या नावात वर्ष व प्रसंग लिहा. चित्राच्या तळाशी दिसणारी थरथरती पट्टी क्रॉप करून काढता येते. मात्र व्हीएचएसमध्ये मुळातच तपशील कमी असतो, त्यामुळे आकार वाढवून चित्र खऱ्या अर्थाने स्पष्ट होत नाही.

शेवटी दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा, एक घरातल्या हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर. त्या नीट चालतात याची खात्री होईपर्यंत कॅसेट टाकून देऊ नका. आणि घरातली वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांच्यासोबत बसून चित्रण पाहा. मांडवातल्या पाहुण्यांची नावं त्यांनाच ठाऊक असतात. ती फाइलसोबत लिहून ठेवा.