एका केसाच्या आत

तोक्योच्या एदोगावा प्रभागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. तिथल्या फुनाबोरीत शाळेतून परतलेली एखादी मराठी मुलगी आईला विचारेल, की वर्गातल्या मुलींचे केस सरळसोट आणि जाड, मग माझेच असे कुरळे का? या शास्त्राच्या दारात उभं राहायला मला याहून चांगला प्रश्न माहीत नाही. तो ज्यांना पडतो त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे. जीवशास्त्राची पदवी लागणार नाही.

केस म्हणजे मुख्यतः केराटिन नावाची प्रथिनं. माणसात केराटिनची ५४ जनुकं आहेत, त्यांतली १७ केसांची: ११ सतराव्या गुणसूत्रावर, ६ बाराव्यावर. दोन्ही गटांतला एकेक धागा जोडीनेच वळला जातो, एकट्याचा दोर होत नाही. दोरांमधली जागा भरणाऱ्या प्रथिनांची जनुकं ८०हून अधिक. गंधकाचे बंध हे सारं पक्कं सांधतात. ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी लाटा दिसतात आणि न्हाल्यावर जातात, कारण पाण्याने फक्त हायड्रोजनचे कच्चे बंध सुटून नव्याने जुळतात. जपानी पार्लरमधल्या ‘शुकुमो क्योसेई’त मात्र गंधकाचेच बंध सोडून, गरम इस्त्रीने केस सरळ करून ते पुन्हा बांधतात. म्हणून तो केस सरळच राहतो. मुळातून नवा येतो तो पुन्हा कुरळा.

एखाद्या जनुकातली बारीकशी चूकही भोवते. मोनिलेथ्रिक्स या विकारात केस मण्यांच्या माळेसारखा दिसतो आणि दोन मण्यांमधल्या बारीक जागी तुटतो. त्याचं मूळ केसांच्या केराटिनमध्ये असल्याचं १९९७मध्ये कळलं.

मग त्या मुलीचं उत्तरही केराटिनमध्येच असेल? जाडीपुरतं तरी नाही, आणि मला या विषयातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. २००८मध्ये जपानी संशोधकांनी आशियाई लोकांच्या जाड केसांचा संबंध ईडीएआर जनुकातल्या एका बदलाशी जोडला. हे जनुक केसाचा माल बनवत नाही. गर्भात केशकूप घडताना पेशींना निरोप पोहोचवतं. तो बदल जपानमध्ये सर्रास आढळतो, भारतात क्वचित. माल दोघींकडे तोच, घडवणुकीचा निरोप वेगळा. कुरळेपणाची कथा निराळी, कूपाच्या आकाराची. तिला पुढे स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

वाचायला बसण्याआधी कंगव्यातला एक लांब केस उजेडात धरा. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. हातभर केसाचं टोक घडलं, तेव्हा ती मुलगी कदाचित पुण्यात बालवाडीत जात होती.