मिलोची भाकरी आणि 'भाकरी सोडा'चा सल्ला

"पोळी-भात सोडा, वजन उतरेल," हा सल्ला आता गावोगावी पोचला आहे. आमच्या नाशिकच्या इंदिरानगरात जॉगिंग ट्रॅकवर तो ऐकू येतो आणि बचत गटाच्या बैठकीतही. हा सल्ला मुळात कुणासाठी होता आणि आपल्या ताटापर्यंत कसा आला, ते आज पाहू या.

गोष्ट सुरू होते लंडनमध्ये. तिथे विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ अंत्यविधीचं सामान पुरवण्याचा धंदा करायचे. अंग इतकं सुटलं होतं की जिना उतरताना पाठमोरं उतरावं लागे. डॉक्टरांनी त्यांचा पाव, साखर, बटाटा आणि बिअर बंद केली. वर्षभरात सुमारे 20 किलो वजन उतरलं. 1863 मध्ये त्यांनी त्यावर एक पुस्तिका लिहिली आणि ती खूप गाजली. पण एक लक्षात ठेवा, बँटिंग उपाशी राहिले नव्हते. पाव गेला, तरी मांस, मासे आणि भाज्या त्यांच्या ताटात रोज होत्या.

पुढे 1972 मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांचं पुस्तक आलं. त्यांचंही सांगणं तेच होतं, पिष्टमय पदार्थ आणि साखर सोडा. ते पुस्तक तिथे हातोहात खपलं.

त्याच 1972 साली आपल्याकडे काय चाललं होतं? सोलापूर, नगर, बीड, औरंगाबाद भागात पावसानं दगा दिला होता. विहिरी आटल्या, जनावरं छावणीला गेली. मे 1973 मध्ये राज्यात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यात बाया फार मोठ्या संख्येनं होत्या. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची आणि संध्याकाळी मिलोची भाकरी थापायची. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. कामावर सुकडी मिळायची. डाळ, दूध, भाजी कितीतरी घरांत दिसत नव्हती. तिकडे भाकरी सोडायला सांगत होते आणि इकडे भाकरीशिवाय दुसरं काही मिळत नव्हतं.

त्यानंतर आपलं ताट हळूहळू बदललं. रेशनवर गहू-तांदूळ आला. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी 5 किलो धान्याचा हक्क दिला, पोटाची मोठी काळजी मिटली. पण डाळ त्या प्रमाणात वाढली नाही. साखरेचा चहा दिवसातून चार-पाच वेळा होऊ लागला, मुलांच्या हातात बिस्किटाचे पुडे आले. पाट्यावरचं वाटण मिक्सरवर गेलं, दळण गिरणीवर. कष्ट कमी झाले, ते बरंच झालं. पण ताटातला पिष्टाचा ढीग तेवढाच राहिला.

मराठी घरांत आहाराची चर्चा पेटवली ती नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी. 2004 मध्ये अपघातात ते गेले. दिवसातून दोनदाच जेवा, मध्ये काही खाऊ नका, हा त्यांचा विचार पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगावी नेला. हा बँटिंगांचा आहार नव्हे, पण साखर आणि अधूनमधून तोंडात टाकणं बंद झाल्यानं अनेकांचं वजन उतरलं.

मग आपण काय करायचं? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या 100 बायांपैकी साधारण 23 जणींचं वजन जास्त होतं आणि 21 जणींचं कमी. रक्तक्षय मात्र 54 जणींना होता. म्हणजे एकाच गटात शेजारी बसलेल्या दोघींना एकच सल्ला लागू पडत नाही. जी आधीच सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं खाते, तिनं भाकरी कमी केली आणि बदल्यात काहीच घेतलं नाही, तर ती उपासमारच.

ज्वारी-बाजरी-नागली चांगली, गव्हाच्या मैद्यापेक्षा कितीतरी बरी. पण त्यातही दोन तृतीयांशाच्या आसपास पिष्टच असतं. साबुदाणा तर जवळपास निव्वळ पिष्ट. उपासाची खिचडी खाऊन वजन उतरत नाही. वजन जास्त असेल तर आधी साखर, बिस्किटं, फरसाण कमी करा. मग तीन भाकऱ्यांच्या दोन करा आणि तिसरीच्या जागी वाटीभर मटकीची उसळ, घट्ट वरण, शेंगदाणे घातलेली मेथी किंवा अंडं घ्या.

साखरेच्या आजारावर गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका. रक्तातली साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, चक्कर येते. तसं झालं तर लगेच साखर किंवा गूळ तोंडात टाका आणि दवाखाना गाठा. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्या बायांनी असे प्रयोग स्वतःच्या मनानं करूच नयेत.

पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलवा. प्रत्येकीचं वजन करून घ्या, रक्त तपासून घ्या. कुणी भाकरी कमी करायची आणि कुणी वाढवायची, हे त्या आकड्यांवरून ठरवू.