रुळावरचा रंग किती महाग?

लोखंडी फाटकाला किंवा खिडकीच्या गजांना रंगाआधी रेड ऑक्साइडचा हात देतात, तो गंज रोखण्यासाठी. हाच साधा लाल लेप आवाजाच्या कितीतरी पट वेगाने धावणाऱ्या वाहनासाठीही वापरला गेला आहे. तिथे मात्र त्याचे काम वेगळे होते.

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात होलोमन येथे हवाई दलाचा चाचणी-रूळमार्ग आहे. १९५० च्या सुमारास तो जेमतेम एक किलोमीटरचा होता. पुढे वाढत सुमारे साडेपंधरा किलोमीटर झाला. त्यावर रॉकेटने ढकललेली, बिनचाकाची गाडी धावते. रुळाच्या माथ्याला कवेत घेणारे पोलादी जोडे तिला रुळावर धरून ठेवतात. १० डिसेंबर १९५४ रोजी डॉ. जॉन स्टॅप अशा गाडीत बसून ताशी १,०१७ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २८३ मीटर वेगाने गेले. या वेगाला रुळाची फारशी चिंता नव्हती.

वेग सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास गेला, की नवाच प्रकार दिसू लागतो. जोडा आणि रूळ यांचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांवर आदळतात. दाब व उष्णता इतकी वाढते, की घन पोलाद कणकेसारखे वाहते आणि रुळावर थेंबाच्या आकाराचा खळगा पडतो. ३० एप्रिल २००३ रोजी एका मानवरहित गाडीने सेकंदाला सुमारे २,८८५ मीटर वेग गाठला. ½mv² मांडून पाहा: या वेगाला दर किलोग्रॅममागे सुमारे ४२ लाख जूल ऊर्जा येते, जवळजवळ तेवढ्याच वजनाच्या टीएनटीइतकी!

यावर उपाय म्हणजे मधे एक मऊ थर. लेप सहज कातरला जातो, त्यामुळे पोलाद पोलादाला भिडत नाही. रेड ऑक्साइड स्वस्त आणि लावायला सोपा. अधिक वेगासाठी इपॉक्सीचा थर सरस ठरला. पण खळगे पूर्ण थांबवणे कोणत्याही लेपाला जमलेले नाही. शिवाय जोडे लेप खरवडून नेतात, म्हणून तो पुन्हा लावावा लागतो.

मग परवडते काय? आपणच हिशेब करू. समजा, रुळाचा १० सेंटिमीटर रुंद पट्टा ०.१५ मिलिमीटर जाडीने लेपायचा आहे. मीटरला १५ मिलिलिटर लेप लागेल. साडेपंधरा किलोमीटरच्या दोन्ही रुळांना मिळून सुमारे ४६५ लिटर. पण अतिवेग हा मार्गाच्या काही भागातच असतो. महाग लेप तेवढ्याच भागात लावला, तर खर्च आणखी उतरतो.

दुसऱ्या पारड्यात टाका खळगे घासून सारखे करण्याची मजुरी, बदलावे लागणारे रूळ, आणि जोडा फाटून गाडी उधळली तर तिच्यावरच्या उपकरणांसह वाया जाणारी सगळी चाचणी. म्हणून लेपाची किंमत लिटरमागे काढून भागत नाही. ती यशस्वी चाचणीमागे काढावी लागते. विद्यार्थ्यांना विचारा: शाळेच्या फाटकाला हाच हिशेब कसा लावाल?