तांबे, लोखंड आणि कागद

समुद्रावर लोखंड गंजते ते केवळ खाऱ्या पाण्याने, असे आपण समजतो. इतिहास मात्र आणखी एक कारण सांगतो. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून रक्षण व्हावे म्हणून १७६१ साली ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे जडवले. वेस्ट इंडीजच्या सफरीनंतर तपासणी झाली, तेव्हा तांबे शाबूत होते. परंतु त्याला भिडलेले लोखंडी खिळे झिजून गेले होते. जेथे पत्र्यांच्या वेष्टनाचा तपकिरी कागद मध्ये राहून गेला होता, तेथील लोखंड मात्र वाचले होते.

भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांस भिडले की त्यांच्यात विद्युतप्रवाह वाहतो आणि एक धातू झिजू लागतो. १८२४ साली हम्फ्री डेव्ही यांनी याच नियमाचा उपयोग केला. जस्ताचे वा लोखंडाचे तुकडे जोडून त्यांनी तांबे वाचवले.

आज शिडाच्या होडीची डोलकाठी ॲल्युमिनियमची आणि तिच्यावरील स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असतात. जाणते कारागीर दोहोंमध्ये प्लास्टिकची चकती घालतात. ती विसरली, तर सांधा आतून पोखरतो आणि भर वाऱ्यात डोलकाठीच कोसळू शकते. त्या चकतीत आम्हांस ‘अलार्म’चा तपकिरी कागदच दिसतो.