‘तेव्हापासून’ या शब्दापाशी : एक प्रस्तावना

विसरण्याची तक्रार घेऊन वडिलांना दवाखान्यात आणणारी मुलगी बहुतेकदा असे सांगते : “रोज पहाटे फिरायला जायचे हो. दोन वर्षांपूर्वी सोडलंच त्यांनी. तेव्हापासून विसरायला लागले.” तुम्ही आता ज्या विषयात पाऊल टाकत आहात, तो सगळा विषय या वाक्यातल्या ‘तेव्हापासून’मध्ये मावतो. फिरणे थांबले म्हणून विसरणे सुरू झाले? की विसरणे आत कुठेतरी केव्हाच सुरू झाले होते आणि म्हणून फिरणे थांबले? मुलगी पहिले गृहीत धरते आणि तिच्या आवाजात अपराधाची एक छटा असते : आपण त्यांना फिरायला लावायला हवे होते. तिला खरे उत्तर देता यावे, यासाठी हे शास्त्र आहे असे मी मानतो.

या प्रश्नाकडे आपण उशिरा वळलो. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण विसरण्याला वयाच्या खात्यावर टाकले, फार झाले तर म्हातारचळ म्हटले. ही चूक केवळ आपली नव्हती. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्युबिंगेन येथे ज्या स्त्रीच्या मेंदूविषयी निवेदन केले, ती रुग्णालयात आली तेव्हा जेमतेम ५१ वर्षांची होती. त्यामुळे त्यांच्या नावाचा आजार पुढची कित्येक दशके मध्यमवयातला एक दुर्मीळ आजार समजला गेला आणि सत्तरीतले विसरणे ‘वयामुळे’च राहिले. दोन्हींच्या मुळाशी बहुतांशी एकच आजार आहे, हे १९७६ साली रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठामपणे मांडले. जी गोष्ट वयाचा भाग असते ती टाळण्याचा विचार कोणी करत नाही. आजाराबाबत तो करावाच लागतो. म्हणजे आपल्या विषयाचे वय पन्नासच्या आसपास आहे.

त्याची पद्धत मात्र त्याआधीची, आणि ती हृदयविकाराच्या अभ्यासातून आली. लंडनच्या दुमजली बसमध्ये चालक दिवसभर बसून असे, वाहक दिवसभर जिने चढत-उतरत असे. जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखवले की वाहकांना हृदयविकार कमी होतो. व्यायामाची महती सांगताना हे उदाहरण सगळेच देतात. पण तीन वर्षांनी मॉरिस यांनीच काय केले, ते विद्यार्थ्याने आधी वाचावे. त्यांनी या कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या विजारींचे कंबरेचे माप वाहकांपेक्षा मोठे निघाले, आणि तेही तरुण वयापासूनच. म्हणजे बसून राहिल्याने माणसे बदलली की मुळात वेगळ्या प्रकृतीची माणसे बसण्याच्या कामाकडे गेली, ही शंका ज्याने शोध लावला त्यानेच उपस्थित केली. आपल्याच निष्कर्षामागे टेप घेऊन लागणारा हा संशोधक मला या क्षेत्राचा आद्य गुरू वाटतो.

आता डिमेन्शियाकडे येऊ. सिअ‍ॅटलमध्ये ६५ वर्षांवरच्या १,७४० जणांवर सुमारे सहा वर्षे लक्ष ठेवलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत दर हजार व्यक्ति-वर्षांमागे १३ जणांना डिमेन्शिया झाला, कमी करणाऱ्यांत जवळजवळ २०. असे आणखीही अभ्यास आले आणि बहुतेकांचा कौल एकाच बाजूला होता. मग अडले कुठे? अडले त्या सहा वर्षांत. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड साचायला लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधी सुरुवात होते. सहा वर्षांची खिडकी उघडून पाहिले तर आत दिसणाऱ्या काही माणसांना आजार आधीच लागलेला असतो, फक्त त्याला अजून नाव मिळालेले नसते. अशा माणसाचा उत्साह मावळतो, रस्ता चुकण्याची भीती वाटू लागते, सोबतीच्या कट्ट्यावर नावे आठवत नाहीत म्हणून तो जाणे टाळतो. घरचे म्हणतात, आळस आला.

म्हणून लंडनचा ‘व्हाइटहॉल टू’ हा अभ्यास सावकाश वाचा. १९८५ साली सुरू झालेल्या या अभ्यासात ३५ ते ५५ वयाचे १०,३०८ सरकारी कर्मचारी होते. त्यांच्या हालचालीची नोंद पुन्हा पुन्हा घेतली गेली. २०१७ साली सेव्हरीन साबिया आणि सहकाऱ्यांनी सुमारे २७ वर्षांचा हिशेब मांडला. मध्यमवयातल्या व्यायामाचा पुढच्या डिमेन्शियाशी संबंध दिसला नाही. दिसले ते वेगळेच : ज्यांना पुढे डिमेन्शिया झाला त्यांची हालचाल निदानाच्या नऊ वर्षे आधीपासून इतरांपेक्षा कमी होत गेली होती. दोन वर्षांनी १९ अभ्यासांतल्या ४,०४,८४० जणांची माहिती एकत्र करून मिका किविमाकी यांच्या गटाने जवळजवळ तेच सांगितले : निदानापूर्वीच्या दहा वर्षांत निष्क्रियता आणि डिमेन्शिया यांचा संबंध आहे, त्याहून मागे गेल्यावर तो उरत नाही.

त्या मुलीला हे ऐकवायला हवे. तिने वडिलांना फिरायला लावले नाही म्हणून हे झाले, असे मानायला फारसा आधार नाही. फिरणे सुटणे ही कदाचित आजाराचीच पहिली चाहूल होती.

पण विषय इथे मिटत नाही. गोथेनबर्गच्या अभ्यासात १९६८ साली १९१ मध्यमवयीन स्त्रियांना सायकलवर बसवून, दम संपेपर्यंत पायडल मारायला लावून क्षमता मोजली आणि ४४ वर्षे त्यांचा मागोवा घेतला. कमी क्षमतेच्या गटात ३२ टक्के स्त्रियांना डिमेन्शिया झाला, उत्तम क्षमतेच्या गटात ५ टक्के. इतक्या लांबच्या अंतरावर उलट्या कार्यकारणभावाची शंका पुष्कळ क्षीण होते. मात्र उत्तम गटात होत्या अवघ्या ४० जणी, आणि दमसास हा केवळ व्यायामाने येत नाही, काहीसा जन्मतःही मिळतो. मॉरिस असते तर त्यांनी इथेही विजारीचे माप विचारले असते.

प्रयोगांची गोष्ट थोडक्यात सांगतो, पुढे तिला स्वतंत्र प्रकरणे आहेत. २०११ साली १२० वृद्धांवरच्या प्रयोगात वर्षभर भरभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला, केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा घटला. त्याने आशा पालवल्या. २०१५ साली ‘लाइफ’ या चाचणीत १,६३५ बैठ्या वृद्धांनी दोन वर्षे भाग घेतला. बुद्धीच्या कसोट्यांवर फरक पडला नाही. २०१८ साली इंग्लंडमध्ये डिमेन्शिया झालेल्या ४९४ जणांवरच्या चाचणीत व्यायामाने शरीर सुधारले, आजाराची गती मंदावली नाही. माझे मत विचाराल तर सत्तरीत सुरू केलेल्या दोन वर्षांच्या व्यायामाकडून वीस वर्षांच्या आजाराचा पराभव मागणे हा व्यायामावर अन्याय आहे. रक्तदाब, मधुमेह, रक्तवाहिन्यांचे आरोग्य या वाटांनी तो मेंदूपर्यंत पोचतो, हे मला पटते. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली. त्यात निष्क्रियतेच्या वाट्याला २ टक्के येतात, ऐकू न येण्याच्या वाट्याला ७. आकडा लहान दिसतो, पण त्याच यादीत रक्तदाब, मधुमेह आणि लठ्ठपणा वेगळे मोजले आहेत. माणसाच्या आयुष्यात या गोष्टी अशा सुट्या नसतात.

नव्या वाचकाला वाटेल, मोठमोठे अभ्यास होऊन गेले, मग आपल्यासाठी उरले काय? पुष्कळ. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, शहरांपेक्षा खेड्यांत अधिक. आता खेड्यातल्या एखाद्या आजींसमोर प्रश्नावली धरून विचारा, “आजी, व्यायाम करता का?” त्या हसतील. “आमाला कुठला आलाय व्यायाम, बाई?” आणि नोंद होईल : निष्क्रिय. ज्या बाईने चाळीस वर्षे निंदणी-खुरपणी केली, डोक्यावर हंडे वाहिले, तिच्या नावापुढे! दुसरीकडे, तिची अंगमेहनत सरळ व्यायामाच्या रकान्यात घालावी तर कोपनहेगनच्या पुरुषांवरचा दीर्घ अभ्यास आडवा येतो : जड अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांत तिथे डिमेन्शिया जास्त आढळला. मर्जीने केलेले चालणे आणि पोटासाठी उपसलेले कष्ट शरीराला सारखे नसावेत. कष्टाबरोबर कमी शिक्षण, तुटपुंजे अन्न, विश्रांतीचा अभावही येतो.

म्हणून पुस्तकाच्या शेवटच्या भागात आम्ही एका मराठी प्रश्नावलीचा कच्चा खर्डा दिला आहे. पाणी किती लांबून आणत होता? शेतात किती महिने जायचे? देवळात, बाजारात पायी जाता की कुणी गाडीवर सोडते? गेल्या वर्षापेक्षा बाहेर पडणे कमी झाले का, आणि ते कुणाच्या लक्षात आले, तुमच्या की सुनेच्या? यातले काही प्रश्न बोलीनुसार बदलावे लागतील, काही चुकीचेही ठरतील. तो खर्डा घेऊन आपल्या गावातल्या चार घरी जा, आणि समासात खुणा करून परत या.