वस्त्र : रक्षण, ओळख आणि मान

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा मानल्या जातात. ‘वस्त्र’ हा शब्द ‘वस्’ म्हणजे आच्छादणे, परिधान करणे या संस्कृत धातूपासून आला आहे. मराठीत लुगडे-धोतर नेसतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात आणि शिवलेला सदरा घालतात. क्रियापदांप्रमाणेच वस्त्राचे हेतूही अनेक आहेत.

पहिला हेतू शरीररक्षणाचा. परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. सुती कापड घाम शोषून घेते व तो हवेत उडून जाताना अंगाला गारवा मिळतो. हा कापूस जिल्ह्यातील काळ्या जमिनीतच पिकतो. मानवत व सेलू या त्याच्या जुन्या बाजारपेठा. कापूस वेचणाऱ्या स्त्रिया साडीवर पुरुषी सदरा घालतात, तो ऊन आणि वाळलेल्या बोंडांचे ओरखडे टाळण्यासाठी. येथे गरज रूढीला मागे सारते.

दुसरा हेतू ओळखीचा. वेशावरून प्रदेश, व्यवसाय, वैवाहिक स्थिती आणि पूर्वी जातही ओळखली जाई. ही ओळख अनेकदा लादलेली असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण ठरलेला पेहराव टाकून घोट्यापर्यंत लुगडे नेसण्याचे आवाहन केले. नेसण्याची पद्धत बदलणे हा तेथे समतेचा उच्चार होता.

तिसरा हेतू मानाचा. पाहुण्यांचा सत्कार शाल-श्रीफळाने होतो, देवीची ओटी खणा-नारळाने भरतात. परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्यावर दरवर्षी फेब्रुवारीतील उरुसात भाविक चादर अर्पण करतात. लग्नात आहेर, तर मृत्यूनंतर दुखवट्याचे कपडे दिले जातात. शोकात बुडालेल्या घराला पुन्हा नित्याच्या व्यवहारात आणणे हा दुखवट्यामागील अर्थ.

हा मान आज ओझेही ठरत आहे. केवळ देण्या-घेण्यासाठी घेतलेले कापड कोणी वापरत नाही. ते एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत राहते. पिकावर आधीच कर्ज असलेल्या शेतकऱ्याला मानपानाच्या कपड्यांसाठी पुन्हा उसनवारी करावी लागते. म्हणूनच काही कुटुंबे लग्नपत्रिकेवर ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ असे छापतात.

ऊन-थंडीपासूनचे रक्षण ही निसर्गाने लावून दिलेली गरज आहे, ती टाळता येत नाही. ओळख आणि मान यांचे अर्थ मात्र समाजाने दिलेले आहेत. ते जाचक झाले, तर बदलण्याचा अधिकारही समाजाकडेच आहे. महाडच्या स्त्रियांनी तो ९५ वर्षांहून अधिक काळापूर्वी बजावला होता.