पाऱ्याची नळी, बर्लिन १९१४

एप्रिल १९१४. बर्लिनमध्ये श्प्रे नदीकाठच्या भौतिकशास्त्र संस्थेत तुम्ही उभे आहात. उद्याच्या पेपरसाठी घोकलेलं हायड्रोजनचं उणे १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इथे कामाचं नाही. समोर हायड्रोजन नाही, पारा आहे. जेम्स फ्रांक आणि गुस्ताव्ह हर्ट्झ (हाइनरिश हर्ट्झ यांचे पुतणे) यांना तुम्ही दिसत नाही, तेव्हा खुशाल वाकून बघा.

नळी शंभर अंशांच्या पुढे तापवलेली आहे, आत पाऱ्याची वाफ. मधोमध तापलेली प्लॅटिनमची तार, तिच्यापासून ४ सेंटिमीटरवर प्लॅटिनमच्याच जाळीचं नळकांडं आणि जाळीबाहेर जेमतेम एक-दोन मिलिमीटरवर पत्रा. तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन जाळीकडे धावतात. जाळी आणि पत्रा यांच्यात अर्ध्या व्होल्टचा उलटा दाब लावलाय. अंगात तेवढाही जोर उरला नसेल, त्याने पत्र्यापर्यंत पोचायचं नाही.

व्होल्टेज चढू लागतं. दोन, तीन, चार. पत्र्यावरचा प्रवाहही वाढतोय. वाटेत अणू येतातच, पण पाऱ्याचा अणू इलेक्ट्रॉनच्या साडेतीन लाख पटींहून जड. इलेक्ट्रॉन आपटून उसळतो, ऊर्जा जवळजवळ शाबूत. ४.९ ओलांडलं आणि प्रवाह धाडकन कोसळला! पुन्हा चढतो, ९.८ला पुन्हा कोसळतो. १४.७ला तेच.

मार्क जातात ते इथे. हा आलेख बघून पुष्कळ जण लिहून येतात, की पाऱ्याच्या ऊर्जापातळ्या ४.९, ९.८, १४.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट अशा आहेत. छे! इलेक्ट्रॉन एका अणूला ४.९ देऊन रिता झाला, जाळीपर्यंतच्या उरलेल्या वाटेत त्याने पुन्हा वेग घेतला आणि दुसऱ्या अणूलाही ४.९ दिले. पातळी एकच, धडका दोन.

गंमत म्हणजे खुद्द या दोघांचाही गैरसमज झालाय. ४.९ला अणूतून इलेक्ट्रॉनच सुटतो, असं त्यांना वाटतंय. त्याला खरे १०.४ लागतात. बोर यांचा अणुसिद्धान्त १९१३ सालीच छापून आलाय; ४.९ ही वरच्या पातळीवर जायची किंमत आहे, हे १९१५ मध्ये बोरच दाखवतील. १९२५चं नोबेल मात्र फ्रांक-हर्ट्झ यांनाच, आणि ते योग्यच.

घाई नसेल तर आणखी थोडे दिवस थांबा. आता नळी क्वार्ट्झची, कारण साधी काच अतिनील किरण गिळते. वाफेतून २५३.६ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश बाहेर पडतोय. नॅनोमीटरवरून इलेक्ट्रॉन-व्होल्ट काढायला १२४० भागिले २५३.६ करा: ४.८९. अणूने घेतलेलं परत केलं.

आता परीक्षकांचा लाडका प्रश्न. ६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन पाऱ्याला ४.९ देऊन १.१ घेऊन पुढे जाऊ शकतो. त्याच्याकडे सुटे आहेत. ६चा फोटॉन ही न मोडणारी नोट, द्यायची तर अख्खी. पाऱ्याला प्रकाशाने गाठता येणारी पुढची पातळी ६.७वर आहे, त्यामुळे हा फोटॉन वाफेतून सरळ पलीकडे जातो.